फोटोत लपवलेला मजकूर आणि ताईची तपासणी

'न' हे एक अक्षर संगणकात तीन बाइट जागा घेतं. यूटीएफ-८ मांडणीत त्याचे २४ बिट, म्हणजे शून्य-एकचे अंक, असे लिहिले जातात: १११००००० १०१००१०० १०१०१०००. रंगीत फोटोच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. त्या प्रत्येक आकड्याच्या अगदी शेवटच्या बिटात आपला एकेक बिट ठेवत गेलं, तर एक 'न' बरोबर आठ पिक्सेलमध्ये मावतो. लाल रंगाचा आकडा २०२ होता तो फार तर २०३ होतो. एवढा फरक कुठल्याही डोळ्याला कळत नाही. हे गणित कागदावर मांडलं आणि मला हा विषय सोडवेना.

एन्क्रिप्शन मला आधीपासून वापरून माहीत होतं. त्यात मजकूर वाचता येत नाही, पण कुलूपबंद फाइल आहे हे कुणालाही दिसतं, आणि जिथे कुलूप दिसतं तिथे किल्ली मागणारा उभा राहतो. स्टेगॅनोग्राफीत, म्हणजे मजकूर लपवण्याच्या विद्येत, मागणी वेगळी असते. निरोप आहे हेच कुणाला कळता कामा नये. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे की स्पार्टाचा पदच्युत राजा डेमारेटस याने लाकडी पाटीवरचं मेण खरवडून लाकडावर निरोप लिहिला आणि वरून पुन्हा मेण ओतलं. पहारेकऱ्यांच्या दृष्टीने ती कोरी पाटी होती. १९८३ साली गुस्तावस सिमन्स यांनी हाच प्रश्न दोन कैद्यांच्या रूपात मांडला. कैद्यांना पळून जायचा बेत ठरवायचा आहे, पण त्यांची प्रत्येक चिठ्ठी तुरुंगाधिकारी वाचतो. सांकेतिक भाषा दिसली तर तो चिठ्ठ्याच बंद करणार. म्हणून चिठ्ठी साधी दिसली पाहिजे. माझ्या मते या विषयाची याहून चांगली ओळख नाही, कारण त्यात तुरुंगाधिकाऱ्याला निरोप वाचायची गरजच नाही. त्याला फक्त संशय यायला हवा.

माझ्या बाबतीत तुरुंगाधिकारी झाली ताई. ती संख्याशास्त्र शिकलेली आहे. मी म्हटलं, "मी फोटोत मजकूर लपवणार, तू शोधायचास." ती म्हणाली, "वाचून दाखवायचं की नुसतं कुठल्या फोटोत आहे ते सांगायचं?" तिने नुसतं कुठल्या फोटोत आहे ते ओळखायचं, असं मी ठरवलं. सगळी रंगत त्या अटीत होती हे पुढे कळत गेलं.

पहिला प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला. फोटो उघडायला पिलो आणि आकड्यांशी खेळायला नमपाय या दोन लायब्ररी पुरल्या. मुख्य काम दोन ओळींचं आहे. आकड्याचा शेवटचा बिट शून्य करायचा आणि तिथे आपला बिट बसवायचा. जागेचा हिशोब केला तर थक्क व्हायला होतं. ४००० गुणिले ३००० च्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजे ३ कोटी ६० लाख बिटांची जागा, म्हणजे ४५ लाख बाइट. देवनागरीतली पंधरा लाख चिन्हं एका फोटोत, आणि फोटो दिसायला जसाच्या तसा.

मजकूर आधी दाबून घ्यायचा, मग एन्क्रिप्ट करायचा, मग लपवायचा, हा क्रम महत्त्वाचा आहे. देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मध्ये फार पुनरावृत्तीचा असतो, कारण प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. त्यामुळे झेडलिबसारखं मजकूर दाबणारं साधं साधनही तो चांगला आटवतं. एन्क्रिप्शन आधी केलं तर ही पुनरावृत्ती पुसली जाते आणि मग काहीच आटत नाही. एन्क्रिप्शनसाठी एईएस ही पद्धत घेतली, पासफ्रेजवरून, म्हणजे लांबलचक पासवर्डवरून, किल्ली काढायला आर्गॉन२. निरोपाची लांबी सुरुवातीला उघडी लिहायची पद्धत बऱ्याच नमुना प्रोग्राममध्ये दिसते, मी तीही एन्क्रिप्ट केली. एन्क्रिप्ट केलेले बिट निव्वळ यादृच्छिक दिसतात, शून्य आणि एक जवळपास निम्मे निम्मे. ही गोष्ट निरोपाच्या गुप्ततेसाठी उत्तम. लपवण्यासाठी तीच त्रासाची ठरते.

ताईला मी फोटोंचा एक संच दिला. काही निर्मळ, काही भरलेले. सगळे पीएनजी स्वरूपात, कारण पीएनजीत एकही आकडा बदलत नाही, तो दाबला तरी उलगडल्यावर हुबेहूब परत येतो. डोळ्यांनी तिलाही काही कळलं नाही. मग तिने प्रत्येक आकड्याचे वरचे सात बिट टाकून दिले आणि फक्त शेवटच्या बिटाचं काळंपांढरं चित्र काढलं, एक असेल तिथे पांढरा ठिपका, शून्य असेल तिथे काळा. एका फोटोत आकाश इतकं उजळ आलेलं होतं की तिथे सगळे आकडे २५५ होते. २५५ चा शेवटचा बिट नेहमी एक, म्हणून निर्मळ फोटोत तो भाग सलग पांढरा दिसायला हवा. भरलेल्या फोटोत तिथे मीठमिरी सांडल्यासारखी दिसत होती, आणि ती एका ठिकाणी आडव्या रेषेत थांबत होती. रेषेच्या वर काळेपांढरे ठिपके, खाली स्वच्छ पांढरं. "काय लिहिलंय ते नाही सांगता येणार," ताई म्हणाली, "पण कुठपर्यंत लिहिलंयस ते हे बघ."

या पद्धतीला दृश्य हल्ला म्हणतात. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातले आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फित्झमान यांनी १९९९ मध्ये ती मांडली. त्याच निबंधात दुसरी पद्धत आहे आणि ती जास्त भेदक आहे, कारण तिला उजळ आकाश वगैरे काही लागत नाही.

शेवटचा बिट बदलताना २०२ चा २०३ होऊ शकतो आणि २०३ चा २०२. पण २०२ चा २०१ कधीच होत नाही. म्हणजे २०२ आणि २०३ ही जोडी आपापसातच देवाणघेवाण करते, तशीच २०० आणि २०१ ची, २०४ आणि २०५ ची. समजा मूळ फोटोत २०२ हा आकडा ९०० वेळा आहे आणि २०३ हा ५०० वेळा. आत यादृच्छिक बिट भरले की दोघांचे जवळपास ७००-७०० होतात. सगळ्या जोड्या अशाच समसमान होत जातात आणि हिस्टोग्रामला, म्हणजे कुठला आकडा किती वेळा येतो त्याच्या आलेखाला, दोन-दोनच्या पायऱ्या पडतात. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फोटोत असं होत नाही. ताईने काय-स्क्वेअर चाचणी लावली, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षित आकड्यांशी किती जुळतात ते तपासणारी संख्याशास्त्रातली चाचणी. फोटोच्या वरून खाली जात तिने भरलेलं असण्याची संभाव्यता मोजली, तर आलेख १ च्या जवळ सपाट चालत राहिला आणि जिथे माझा निरोप संपत होता तिथेच शून्याकडे कोसळला.

आता मी बिट विखरून टाकले. पासफ्रेजवरूनच यादृच्छिक क्रम काढायचा आणि त्या क्रमाने फोटोभर फिरत पिक्सेल निवडायचे. किल्ली नसलेल्याला कुठले पिक्सेल बदलले ते कळत नाही, आणि निरोप छोटा असेल तर काय-स्क्वेअरचा आलेख गोंधळतो. पण जोड्यांची देवाणघेवाण चालूच होती. जेसिका फ्रीड्रिक, मिरोस्लाव्ह गोल्यान आणि रुई डू यांनी २००१ मध्ये दाखवलेलं आरएस विश्लेषण नेमकं तिथे बोट ठेवतं. शेजारशेजारच्या पिक्सेलचे छोटे गट करायचे आणि शेवटचा बिट उलटल्यावर गट अधिक खडबडीत होतो की अधिक गुळगुळीत, हे मोजायचं. मग तेच जोड्या एका घराने सरकवून करायचं, म्हणजे २०१ आणि २०२ अशी अदलाबदल करून. निर्मळ फोटोत दोन्ही मोजण्या जुळतात. भरलेल्या फोटोत त्या फाकतात, आणि किती फाकल्या यावरून निरोप अंदाजे केवढा आहे तेही निघतं. ताईने काढलेली लांबी माझ्या खऱ्या लांबीच्या इतकी जवळ आली की मला विखुरण्याचा सगळा खटाटोप अपुरा वाटला.

(रुबिक क्यूब वेगाने सोडवणाऱ्यांना फ्रीड्रिक हे नाव वेगळ्या कारणासाठी माहीत असेल. ती पद्धत प्रसिद्ध करणाऱ्या आणि फोटोतले लपलेले बिट हुडकणाऱ्या जेसिका फ्रीड्रिक एकच. मला याचा फार आनंद झाला.)

यावरचा उपाय एका ओळीचा आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा बदल वाटतो. शेवटचा बिट हवा तसा नसेल तर तो उलटायचा नाही, आकड्यात एक मिळवायचा किंवा एक वजा करायचा, कुठलं ते यादृच्छिक ठरवायचं. २०२ चा आता २०३ होईल किंवा २०१. दोन्हींचा शेवटचा बिट एकच आहे, त्यामुळे निरोप वाचणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये काहीही बदलावं लागत नाही. फक्त ० आणि २५५ या टोकांवर एकाच बाजूला जाता येतं. एवढ्याने जोड्यांचा मागमूस संपतो. काय-स्क्वेअर आणि आरएस, दोन्ही चाचण्या गप्प झाल्या.

त्यानंतर बदलच कमी कसे करायचे याकडे वळले. साध्या पद्धतीत एक बिट लपवायला सरासरी अर्धा बदल लागतो, कारण निम्म्या वेळा हवा तो बिट आधीच तिथे असतो. रॉन क्रँडल यांनी १९९८ मध्ये सुचवलं की हॅमिंग कोड, म्हणजे मुळात चुका दुरुस्त करण्यासाठी केलेली बिटांची मांडणी, वापरून हे खूप खाली आणता येतं. सात पिक्सेल घ्यायचे आणि त्यांना १ ते ७ क्रमांक द्यायचे. समजा त्यांचे शेवटचे बिट १०११००१ आहेत. जिथे एक आहे ते क्रमांक १, ३, ४ आणि ७. या क्रमांकांची बायनरीत एक्सॉर बेरीज (हातचा न घेता केलेली, एक आणि एक मिळून शून्य) केली की १ येतो, म्हणजे ००१. मला लपवायचे तीन बिट आहेत १००, म्हणजे ४. १ आणि ४ ची एक्सॉर बेरीज ५. बस, पाचवा पिक्सेल बदलायचा. आता बेरीज ४ येते. सात पिक्सेलमध्ये फार तर एक बदल करून तीन बिट गेले, आणि आठातून एकदा तर काहीच बदलावं लागत नाही. वहीत हे सोडवताना पाचवा पिक्सेल आपोआप पुढे आला तेव्हा मी तेच उदाहरण पुन्हा पुन्हा बदलून पाहत बसले, कुठलेही तीन बिट घ्या, फार तर एकच पिक्सेल हात वर करतो. सरासरी काढली तर दर बिटामागे ०.२९ बदल पडतात, आधीच्या ०.५ च्या जागी.

मधल्या काळात एक प्रयोग मुद्दाम केला. भरलेला पीएनजी फोटो एका मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवला आणि तोच पुन्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवला. डॉक्युमेंट म्हणून गेलेला जसाच्या तसा पोचला. फोटो म्हणून गेलेल्यातून एक बाइटही नीट परत आला नाही. कारण ॲप फोटो लहान करतं आणि जेपेगमध्ये बदलतं. जेपेग आधी रंग वेगळे करून उजेड एका बाजूला आणि रंगछटा दुसऱ्या बाजूला ठेवतं, मग फोटोचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकडा चढउतारांच्या ६४ गुणकांत मांडतं आणि ते गुणक ठरावीक आकड्याने भागून पूर्णांकात आणतं. डोळ्याला न दिसणारे बारकावे त्या भागाकारात जातात, आणि मी माझा सगळा मजकूर नेमका डोळ्याला न दिसणाऱ्या बारकाव्यांत ठेवलेला होता.

जेपेगमध्येच लपवायचं तर भागाकार झाल्यावरच्या गुणकांत लपवावं लागतं. जेस्टेग हा जुना प्रोग्राम तेच करतो, ० आणि १ हे गुणक सोडून बाकीच्यांचा शेवटचा बिट बदलतो, आणि म्हणून जोड्यांच्या त्याच चाचणीत सापडतो. वेस्टफेल्डनी २००१ मध्ये एफ५ हे नवं तंत्र काढलं. ते बिट उलटत नाही, गुणकाची किंमत शून्याच्या दिशेने एकाने कमी करतं आणि वर हॅमिंग कोडही वापरतं. पुढच्याच वर्षी फ्रीड्रिक आणि सहकाऱ्यांनी ते पकडलं, आणि त्यांची युक्ती वाचून मी खुर्चीतून उठले. फोटो उघडायचा, कडेचे चार पिक्सेल कापायचे आणि पुन्हा जेपेग करायचा. चार पिक्सेल कापल्यामुळे ८ गुणिले ८ च्या चौकटी सरकतात, जुन्या भागाकाराचा ठसा जातो आणि मूळ निर्मळ फोटोचा हिस्टोग्राम जवळपास कसा असेल ते समोर येतं. मूळ फोटो हातात नसताना त्याचा अंदाज भरलेल्या फोटोतूनच काढायचा! जेपेगचं काम मी तिथे थांबवलं आणि पीएनजीकडे परतले, कारण मला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवता येत होती आणि ताईची पुढची चाचणी पीएनजीवरच येऊन ठेपली होती.

अधिकउणे एकची पद्धत सुटली असं मला वाटत होतं तेव्हा ताईने शिकणारं यंत्र आणलं. या क्षेत्रात बॉसबेस नावाचा संच सर्रास वापरतात, ५१२ गुणिले ५१२ चे १०,००० करड्या रंगातले फोटो. त्यातले निर्मळ फोटो आणि माझ्याच प्रोग्रामने भरलेले तेच फोटो तिने वर्गीकरण करणाऱ्या प्रोग्रामला शिकवायला दिले. माझा प्रोग्राम तिच्याकडे असणं हे नियमात बसतं. सांकेतिक लेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये घातलेली अट इथेही लागू आहे: पद्धत शत्रूला माहीत आहे असंच धरायचं, गुप्त असते ती फक्त किल्ली. प्रत्येक फोटोतून तिने शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकांची मोजमापं काढली. फ्रीड्रिक आणि यान कोडोव्स्की यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या रचनेत अशी ३४,६७१ मोजमापं आहेत. एवढ्या बाजूंनी एकाच वेळी पाहिल्यावर अधिकउणे एकही लपत नाही. ज्या फोटोंत मी बरंच भरलं होतं ते तिने सहज वेगळे काढले.

चुकलेल्या फोटोंकडे मात्र आम्ही दोघींनी बसून नीट पाहिलं. तिचं यंत्र जिथे फसत होतं त्या बहुतेक फोटोंत गवत होतं, खडी होती, झाडांची गर्दी होती. जिथे ते अचूक होतं तिथे धुकं, भिंती, शांत पाणी. सपाट भिंतीवर शेजारचे सहा पिक्सेल पाहून सातवा सांगता येतो, म्हणून तिथला एकाचा फरकही खटकतो. गवतात सातवा कुणालाच सांगता येत नाही. किती लपवायचं आणि कुठल्या पद्धतीने, या प्रश्नांवर मी इतके दिवस घालवले होते. खरा प्रश्न हा होता की हा फोटो स्वतःच कुठे कुठे बेभरवशाचा आहे.

याच दिशेने जाणारी लपवण्याच्या पद्धतींची घराणी २०१० पासून पुढे आली. त्या वर्षी ह्यूगो, मग वाव, मग एस-युनिवर्ड. सगळ्यांचा गाभा सारखा आहे. प्रत्येक पिक्सेल बदलण्याची एक किंमत ठरवायची, सपाट जागी भारी, खडबडीत जागी हलकी, आणि एकूण किंमत कमीत कमी राहील असा निरोप बसवायचा.

इथे एक अडचण आहे आणि तिच्यावर मी खूप वेळ घालवला. पाठवणाऱ्याने किंमत मूळ फोटोवरून काढली. वाचणाऱ्याकडे मूळ फोटो नाही, बदललेला आहे. त्याने काढलेली किंमत जराशी वेगळी येईल आणि कुठले पिक्सेल वाचायचे तेच चुकेल. माझा पहिला तोडगा असा होता की किंमत फक्त वरच्या सात बिटांवरून काढायची, कारण शेवटचा बिट बदलला तरी ते तसेच राहतात. पण अधिकउणे एकमध्ये २०३ चा २०४ झाला की वरचे सात बिटही बदलतात. म्हणजे परत बिट उलटण्याकडे जावं लागलं असतं, आणि आरएस तिथे टपून होतंच.

खरं उत्तर ओल्या कागदाच्या कोडमध्ये आहे. फ्रीड्रिक यांच्या गटाने २००५ मध्ये ही कल्पना मांडली. कागद काही ठिकाणी ओला आहे, तिथे पाठवणारा लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या हाती येईपर्यंत कागद वाळलेला आहे आणि ओलं कुठे होतं हे त्याला माहीतच नाही. तरी तो वाचतो. कारण तो एकेक पिक्सेल वाचत नाही, सगळ्या शेवटच्या बिटांना एका ठरलेल्या मॅट्रिक्सने, म्हणजे आकड्यांच्या चौकटीने, गुणतो आणि गुणाकार हाच निरोप असतो. तेवढाच गुणाकार देणारे बदलांचे असंख्य संच असतात, त्यातला सर्वांत स्वस्त संच शोधणं हे पाठवणाऱ्याचं काम. सात पिक्सेलच्या हॅमिंगमध्ये निवडीला वाव नव्हता, एकच पिक्सेल पुढे यायचा. इथे निवड करता येते. २०११ मधले सिंड्रोम ट्रेलिस कोड ही निवड भराभर करतात आणि बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या फ्रीड्रिक यांच्या प्रयोगशाळेने त्यांचा सी प्लस प्लसमधला कोड खुला ठेवला आहे. तो मी माझ्या पायथॉनला जोडला. किंमतीसाठी एस-युनिवर्ड घेतलं.

बदललेले पिक्सेल मी पांढऱ्या ठिपक्यांनी छापून पाहिले. भिंत पूर्ण काळी. भिंतीच्या कडेला उगवलेलं गवत, दगडांच्या भेगा, पानांच्या कडा पांढऱ्या. माझा निरोप फोटोतल्या खडबडीत वस्तूंची बाह्यरेखा घेऊन बसला होता, आणि ती मी काढली नव्हती, फोटोनेच सुचवली होती.

मग निरोप छोटा ठेवला. दर पिक्सेल ०.०५ बिट, म्हणजे ५१२ गुणिले ५१२ च्या फोटोत सुमारे १,६३८ बाइट. न आटवता देवनागरीची साधारण ५४६ चिन्हं, आटवल्यावर बरीच जास्त. पहिल्या दिवशीच्या पंधरा लाखांपुढे हे काहीच नाही, पण ताईचं यंत्र आता जे उत्तर देत होतं ते नुसत्या अंदाजापेक्षा फार वेगळं नव्हतं. ०.४ बिट भरले की मात्र ते पुन्हा जागं व्हायचं. २०१८ नंतरची एसआरनेटसारखी खोल न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्राम, याहूनही तीक्ष्ण आहेत, तेव्हा ही सुरक्षितता कायमची समजू नये.

पद्धतीइतकंच कव्हर इमेज, म्हणजे ज्यात लपवायचं तो फोटो, निवडण्याला महत्त्व आहे, आणि ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी इथे घाई करू नये. इंटरनेटवरून घेतलेला फोटो कधीच नको. मूळ फोटो कुणीही शोधून वजाबाकी करेल. स्वतः काढलेला फोटो घ्या, एकदाच वापरा, आणि मूळ प्रत राहू देऊ नका. जेपेग फोटो पीएनजीत बदलून वापरणंही घातक आहे. जेपेगमधून गेलेल्या ८ गुणिले ८ च्या प्रत्येक चौकटीवर त्या भागाकाराचा ठसा असतो, आणि त्यातला एक पिक्सेल एकाने हलवला तरी ही चौकट जेपेगमधून निघूच शकत नाही असं गणिताने दाखवता येतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवरून, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीवरून, बनवलेला पीएनजी हाच खरा उपयोगाचा, कारण त्यात सेन्सरचा स्वतःचा गोंगाट शाबूत असतो.

पासफ्रेजबद्दल एकच घटना सांगते. २०१० मध्ये अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांवरच्या तक्रारअर्जात फोटोत निरोप लपवणाऱ्या प्रोग्रामचं वर्णन आहे. तपासकर्त्यांना तो उघडता आला, कारण घराच्या झडतीत एका कागदावर २७ अक्षरांचा पासवर्ड लिहिलेला सापडला होता. माझा पासफ्रेज शब्दांचा आहे आणि तो पाठ आहे.

शेवटचा धडा ताईने दिला तो फोटोंच्या संख्येचा. एका फोटोवर तिचं यंत्र ठाम बोलत नव्हतं. ती म्हणाली, "अगं, एकच फोटो कशाला बघू? तू पाठवलेले सगळे एकत्र दे." प्रत्येक फोटोवरचा तिचा संशय किंचितच होता, पण तो सगळ्यांवर एकाच बाजूला झुकलेला होता, आणि बेरीज केल्यावर तो स्पष्ट झाला. अँड्र्यू केर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगांनी दाखवलेला वर्गमुळाचा नियम हेच सांगतो. मूळ फोटो कसे असतात याची पूर्ण माहिती पाठवणाऱ्याकडे नसेल, तर जागा शंभरपट वाढली तरी सुरक्षित निरोप दहापटच वाढतो. एका फोटोतल्या पिक्सेलना हे लागू आहे, आणि एकाच माणसाने पाठवलेल्या फोटोंच्या ढिगालाही.

त्यामुळे आता मी निरोप सगळ्या फोटोंत समान वाटून टाकत नाही. एकाच कॅमेऱ्याचे, एकाच सेटिंगचे बरेच निर्मळ फोटो पाठवते आणि सगळा निरोप सर्वांत गजबजलेल्या एकदोन फोटोंत घालते. कुठल्या, ते पासफ्रेजवरून ठरतं. ताईला सध्या दिलेल्या ढिगात ते तिने अजून वेगळे काढलेले नाहीत, पण तिने आता माझ्या कॅमेऱ्याचे निर्मळ फोटो शिकवणीसाठी मागितले आहेत, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे मला ते द्यावे लागणार आहेत.